आधी खोकं, मग बूफर



ज्या व्यासपीठावर काल ज्ञानेश्वरीवर निरूपण झालं, तिथे आज मोटारीतल्या बूफरवर, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरवर, बोलायचं म्हणजे आयोजकांच्या धाडसाचं कौतुक करायला हवं. पुढच्या रांगेतली मंडळी नेहमीच्या सवयीने आलेली दिसतात आणि मागे एरवी इथे न दिसणारी तरुण मुलं बसली आहेत. पुढच्यांना एवढंच सांगतो की विषय शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. मागच्यांनाही तेच सांगतो, म्हणजे त्यांनी पळून जाऊ नये. (हशा)

गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कितीचा आहे?’ म्हणजे किती वॅटचा. दुकानदार पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा मोठा आकडा दाखवतो, १२०० वॅट. त्याच खोक्यावर मुंगीच्या अक्षरात आरएमएस, म्हणजे सलग पेलवणारी शक्ती, ३०० वॅट असंही छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. ज्यांनी टू-इन-वनचा काळ पाहिला आहे त्यांना पीएमपीओ आठवत असेल. हातात मावणाऱ्या रेडिओवर हजार वॅट लिहिलेले असायचे. तीच परंपरा आता डिकीत पोचली आहे. हा गोंधळ आवरण्यासाठी अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ नावाचं मानक आलं. १४.४ व्होल्टवर, ४ ओमच्या भाराला, एक टक्क्याच्या आत विकृती ठेवून अँप्लिफायर जेवढी शक्ती देईल तेवढीच छापायची. बूफर असो की अँप, आरएमएसचा आकडा वाचा आणि बाकीचा पुठ्ठा रद्दीत घाला.

पण वॅटपासून सुरुवात करणंच मुळात उलटं आहे. माझं आज एकच सांगणं आहे. गणित डिकीतल्या जागेपासून सुरू होतं. जागेवरून खोकं ठरतं, खोक्यावरून बूफर, बूफरवरून अँप आणि अँपवरून वायर. आपण नेमके दुसऱ्या टोकाने निघतो. बूफर सेलमध्ये घेतो, अँप मित्राकडून, आणि खोकं शेवटी मिळेल ते. खोकं म्हटलं की हल्ली महाराष्ट्रात लोक वेगळ्याच नजरेने बघतात, पण मी लाकडाच्या खोक्याबद्दल बोलतोय. (हशा)

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहिलाय ना? हवा स्प्रिंगसारखी परत ढकलते. बंद खोक्यात बूफरच्या कोनमागे तेच घडतं. ही हवेची स्प्रिंग मुद्दाम कामाला लावून एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत एआर-१ हा स्पीकर आणला. कपाटाएवढ्या पेटीतून येणारा बेस त्यांनी पुस्तकांच्या फळीवर बसेल अशा पेटीतून काढून दाखवला. अर्थात फुकटात नव्हे. तेवढ्याच आवाजाला जास्त शक्तीचा अँप लागू लागला. व्हिल्चर यांच्याच कंपनीतून पुढे आलेल्या अँटन हॉफमन यांच्या नावावर एक नियम आहे. हे हॉफमन म्हणजे केएलएच कंपनीच्या नावातला ‘एच’. खोल बेस, लहान पेटी आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी कुठल्याही दोन गोष्टी मागा, तिसरी मिळणार नाही. तिन्ही मिळतील म्हणून सांगणारा एक तर कवी असतो, नाही तर विक्रेता.

खोकं किती लिटरचं हवं हे पूर्वी करून बघण्यावर होतं. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे सत्तरच्या दशकात सिडनी विद्यापीठातले रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित बसवून दिलं. आज कुठल्याही बऱ्या बूफरसोबत येणाऱ्या कागदावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे तीन आकडे असतात, ते या दोघांमुळे. एफएस म्हणजे कोनची स्वतःची कंपनसंख्या, क्यूटीएस म्हणजे ते कंपन किती लवकर आवरतं त्याचं माप, आणि व्हीएएस म्हणजे कोनच्या लवचीकतेइतकीच लवचीक असणारी हवा किती लिटर.

एक उदाहरण घेऊ. १२ इंची बूफर, एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ५० लिटर. याला ५० लिटरच्या बंद खोक्यात बसवला तर खोक्यासह क्यू ०.७ येतो आणि अनुनाद ४० हर्ट्झवर. हा सपाट, स्वच्छ बेस. खोकं २५ लिटरचं केलं तर क्यू ०.८७ आणि ४८ हर्ट्झ. थोडा ठोसा वाढतो, चालून जातं. १५ लिटरमध्ये कोंबला तर क्यू एकच्या वर, अनुनाद ५८ हर्ट्झ. मग तबल्याचा डग्गा असो की ढोल, सगळं एकाच सुरात घुमतं. दोष बूफरचा नसतो, पण बदलला तोच जातो.

आता बाजारातलं तयार खोकं मोजून पाहू. बाहेरून ३५ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा म्हणजे ४३ लिटर. १८ मिलिमीटरची एमडीएफ फळी सगळ्या बाजूंनी वजा केली की आत उरतात ३१. त्यात बूफरचं चुंबक आणि सांगाडा दोन-तीन लिटर जागा खातो. म्हणजे ४३ समजून घेतलेलं खोकं निघालं २८ लिटरचं. दुकानात जाताना खिशात टेप ठेवा आणि आतली मापं घ्या.

खोक्याचा दुसरा प्रकार पोर्टचा, म्हणजे नळी बसवलेला. त्याचं पेटंट बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांच्या नावावर १९३२ सालचं आहे. त्यात मागची हवा नळीतून बाहेर येऊन ठरावीक सुरांना जोर देते. आवाज मोठा मिळतो, पण खोकं मोठं लागतं आणि नळीची लांबी चुकली की खेळ बिघडतो. शिवाय ज्या सुराला खोकं जुळवलंय त्याच्या खाली हवेची स्प्रिंगच राहत नाही. कोन मोकाट सुटतो आणि फाटेपर्यंत हलतो. म्हणून पोर्टच्या खोक्याला अँपवर सबसॉनिक, म्हणजे फार खालचे सूर अडवणारा, फिल्टर हवाच.

मला विचाराल तर गाडीत बंद खोकं बरं, आणि त्याला कारण आहे. ४० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मीटर. हॅचबॅकच्या आतली लांबी जेमतेम अडीच मीटर. एवढी मोठी लाट एवढ्याशा डब्यात मावतच नाही, त्यामुळे साधारण ७० हर्ट्झच्या खाली आख्ख्या केबिनमधली हवाच एकदम दाबली-सोडली जाते आणि बेस आपोआप वाढत जातो. सिद्धान्ताने ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबल. बंद खोक्याचा आवाज त्याच्या अनुनादाखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच घसरतो. एक घसरण आणि एक चढण एकमेकांना भरून काढतात. पत्रा लवतो, काचांच्या फटीतून दाब निसटतो, म्हणून प्रत्यक्षात हिशेब इतका चोख जुळत नाही. तरी दिवाणखान्यात किरकोळ वाटणारं खोकं गाडीत भरदार वाजतं ते यामुळेच.

आता ओमकडे वळू. इथे सगळ्यात जास्त अँप मरतात. बऱ्याच बूफरना हल्ली दोन कॉइल असतात, समजा ४ आणि ४ ओम. सिरीजमध्ये जोडल्या तर ८, पॅरललमध्ये २. इथवर सोपं आहे. पण असे दोन बूफर घेतले की? चारही कॉइल पॅरललमध्ये १ ओम. प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये आणि मग दोन बूफर पॅरललमध्ये, ४ ओम. उलटं करा, तरी ४. सगळ्या सिरीजमध्ये १६. २ ओम कसंही केलं तरी येत नाही. आणि बाजारातल्या पुष्कळ मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलच्या, अँपना २ ओमच्या खाली झेपत नाही. एका तरुणाच्या गाडीत हेच झालं होतं. दुकानदाराने ‘जास्त दणका येईल’ म्हणून चारही कॉइल एकत्र बांधल्या होत्या. कागदावर वॅट वाढले, पण गाणं रंगात आलं की अँपवरचा ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागायचा आणि सगळं गप्प. अँपमध्ये खोट नव्हती, तो जीव वाचवत होता. दोन बूफर २ ओमवर चालवायचे असतील तर २ आणि २ ओमच्या कॉइलचे घ्यावेत. प्रत्येकाच्या सिरीजमध्ये जोडल्या की ४, मग दोन्ही पॅरलल, बरोबर २. ही आकडेमोड खरेदीच्या आधी करायची असते.

आणि या ओमच्या शर्यतीत मिळतं काय? जो अँप ४ ओमला ३०० वॅट देतो तो २ ओमला ५०० देईल. फरक दोन डेसिबलच्या थोडा वर. कान टवकारला तर कळेल इतपत. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

हे वॅट येतात कुठून? १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. नुसत्या १४.४ व्होल्टवर डॅशबोर्डातला डेक ४ ओमला लाट न कापता २६ वॅटच्या वर जाऊ शकत नाही, आणि गळती धरून स्वच्छ आवाज वीसच्या आसपासच. डेकवर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असतं, ते छापखान्यातच राहतं. म्हणून वेगळा अँप. त्याच्या पोटात व्होल्टेज चढवणारा पुरवठा असतो. ५०० वॅटचा क्लास-डी अँप ८० टक्के कार्यक्षम धरला तर तो गाडीकडून ६२५ वॅट ओढतो, म्हणजे ४५ अँपिअर. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर साधारणपणे १०० अँपिअरच्या आतलाच. त्यावर एसी, हेडलाइट आणि जुलैत खंडाळ्याच्या घाटात असाल तर वायपरही. गाणं सलग पूर्ण शक्तीने वाजत नाही म्हणून निभतं. निभत नसेल तर ठोक्यागणिक हेडलाइट मिणमिणतात आणि कोणीतरी एक फॅरडचा कपॅसिटर गळ्यात मारतो. व्होल्टेज एक व्होल्ट उतरेपर्यंत त्यातून १३ जूल निघतात. ६२५ वॅटच्या मागणीला ते सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतात. पैसे वायरीत घाला.

वायरीचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर. घराच्या वायरिंगमधली ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली तर ४५ अँपिअरला वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट हरवतो. त्या भरात वायरीत ४३ वॅटची उष्णता तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते, आणि ही इस्त्री तुमच्या गालिच्याखाली पसरलेली. २५ स्क्वेअर एमएमची वायर टाका, नुकसान व्होल्टच्या सहाव्या भागावर येतं. फक्त ती खरोखर तांब्याची हवी. स्वस्तातल्या किटमधली बरीचशी वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर तांब्याच्या हिशेबाच्या निदान दीडपट स्क्वेअर एमएमची घेऊनच वापरायची.

फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत. तो अँपला वाचवण्यासाठी नसतो, अपघातात वायर पत्र्याला घासली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. डिकीतल्या अँपशेजारी फ्यूज बसवून हात झटकणारे कारागीर मी पाहिले आहेत. अशाने आधीची पाच मीटर वायर उघडीच राहते. इंजिनच्या बाजूने आत येताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट हवं. आणि अर्थिंग! रंगावर स्क्रू मारला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट, वरून गंज न धरण्यासाठी ग्रीस. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. कोकणातली गाडी असेल तर दर पावसाळ्यानंतर हा जोड उघडून बघायचा. एक्सलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शीळ येते ना, तिचं मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडतं. कोकणासाठी खोकंही एमडीएफचं करू नका. दमट हवेत ते फुगतं. मरीन प्लाय घ्या.

सगळं बसल्यावर उरतो अँपवरचा ‘गेन’. हा आवाजाचा कान नव्हे. डेकचा सिग्नल आणि अँप यांचा मेळ घालण्यापुरता तो आहे. बूफर सोडवा, बेस बूस्ट बंद, डेक पाऊणपट, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर. वॅट आणि ओम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा. ५०० वॅट, २ ओम, गुणाकार १०००, वर्गमूळ ३१.६. तेवढे व्होल्ट दिसेपर्यंत गेन फिरवा आणि हात काढून घ्या. पुढे फिरवलात तर लाटेचे शेंडे कापले जातात. पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती कॉइलमध्ये ओतते. जळका वास येतो तो इथे.

चिठ्ठ्यांमध्ये बऱ्याच जणांनी सीएनजीबद्दल विचारलंय. पुण्या-मुंबईत निम्मी डिकी सिलिंडरनेच भरलेली असते. तिथे सिलिंडरच्या बैठकीला किंवा नळीच्या आसपास एकही स्क्रू मारू नका आणि खोकं सिलिंडरला टेकवू नका. सीटखाली सरकणारा, आत अँप असलेला ८ इंची घ्या. हॉफमनच्या नियमाने लहान पेटी पदरात पडली, तेव्हा मोठ्या आवाजाचा हट्ट सोडा. लो-पास ८० हर्ट्झवर ठेवा, फेजचं बटण दोन्हीकडे करून ज्या बाजूला चालकाच्या सीटवर बेस भरीव वाटेल तिथे राहू द्या. मागच्या नंबर प्लेटखाली रबरी वॉशर घाला. निम्म्या गाड्यांत ‘बूफर फाटलाय’ म्हणून येणारी तक्रार त्या प्लेटची असते.

आता उरलेल्या चिठ्ठ्या घेऊ.