चिंगीला घर हवंय
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

१९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

मनोगतात आपण काय झालो ते सांगायचं असतं. माझं एका वाक्यात संपतं. माहेर आष्टी, सासर आष्टी, शिवणकाम करते, दोन मुलं शिकतायत. उरलेली मिनिटं मी एका कुत्रीसाठी मागून घेते. हसलात तरी चालेल, पण ऐका.

दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आपल्याही वर्गातले काही बाक तेव्हा रिकामे व्हायचे, आठवतं ना? गाडीत भांडीकुंडी, कोपीचं सामान, लेकरं आणि पुष्कळदा कुत्रंही असतं. फडावर कोपी राखायला ते लागतं. गेल्या दिवाळीनंतर मात्र एक कुत्री मागे राहिली. तिचा मागचा पाय मोडला होता, गाडीमागे पळणं तिला जमलं नाही. ती एका शाळेच्या फाटकाजवळ येऊन बसली. मुलं डब्यातली पोळी टाकायची, ती शेपूट हलवायची. कुणावर गुरगुरली नाही.

त्याच सुमारास, ७ नोव्हेंबर २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलायची, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, परत तिथे सोडायची नाहीत. आई म्हणून मला यातली काळजी कळते. आपल्या लहानपणी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. त्या नुसत्या नावानेच आपण थरथरायचो. आता लस दंडावर मिळते, पण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की आजही जवळजवळ कुणी वाचत नाही. तेव्हा कुत्रं चावलं तर जखमेत मिरची-हळद भरत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, लगेच दवाखाना गाठा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा.

पण मनात आलं, कुत्री उचलायला गाडी आली की खोडकर कुत्रं पळून जातं. गरीब कुत्रं बसल्या जागी सापडतं. म्हणून मी आणि माझ्या मुलाने तिला पोत्यात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात नेलं. पायाला प्लास्टर झालं, जंताचं औषध झालं, रेबीजची लस झाली. बरी झाल्यावर नसबंदीही करून घेतली. पाय जुळला, पण थोडी लंगडते.

मग घर शोधलं. एका मळ्यातल्या लोकांनी आनंदाने नेली. आठ दिवसांनी गेले तर ती विहिरीजवळ हातभर साखळीला बांधलेली. म्हणाले, "ही भुंकतच नाही, राखणीला काय कामाची?" त्यांची चूक नव्हती, माझी होती. त्यांना राखणदार हवा होता आणि मी फक्त "कुत्री चांगली आहे" एवढंच सांगितलं होतं. तिला परत घेऊन आले. त्या दिवशी ती दोन्ही वेळा जेवली नाही.

चैत्रात टोळ्या परतल्या आणि एक बाई दारात उभी राहिली. कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिने "चिंगे" अशी हाक मारली आणि आमची ही शांत कुत्री लंगडत, कण्हत तिच्या अंगावर गेली. मला वाटलं, आता घेऊन जाणार. ती खूप वेळ तिला कुरवाळत बसली. मग म्हणाली, "ताई, पुढल्या दिवाळीला पुन्हा हेच. आम्ही उचल घेतलीय. तिला आता गाडीमागं पळता येत नाही. चांगलं घर बघा, मी मागायला येणार नाही." डोळे पुसले आणि गेली. टाकून दिलेलं प्रत्येक कुत्रं नकोसं झालेलं असतंच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही विचाराल, तूच का ठेवत नाहीस? आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. सासूबाईंना दमा आहे. तो अरुंद जिना चिंगीच्या पायाला झेपत नाही. आतापर्यंत शेजारच्या पडवीत भागवलं.

म्हणून आता खरं खरं सांगते. चिंगी अंदाजे तीन वर्षांची आहे. राखण करणार नाही. फटाक्यांना घाबरते, पलंगाखाली जाऊन बसते. पहिले दोन-तीन दिवस कदाचित खाणार नाही, तेव्हा ओढाताण करू नका. भाकरी, अंडं, उकडलेलं चिकन आवडतं. कांदा, चॉकलेट, द्राक्षं-मनुका देऊ नका, कुत्र्यांना त्याने अपाय होतो. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागेल. घर तळमजल्यावरचं असावं आणि दिवसा कुणीतरी घरी असावं. बस, एवढंच.

नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही गोष्ट बाईंनी आपल्याला वर्गात सांगितली होती. ती गोष्ट एका भाकरीची. चिंगीचा प्रश्न पुढच्या दहा वर्षांच्या भाकरीचा आहे.

म्हणून एक विनंती. आज कुणी हात वर करू नका. आज आपण सगळे तीस वर्षांनी भेटलोय, मन भरून आलंय. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. घरी जा, नवऱ्याला, बायकोला, सासू-सासऱ्यांना, मुलांना विचारा. एकानेही नाक मुरडलं तर नको म्हणा, मला राग येणार नाही. सगळे हो म्हणाले तर फोन करा. मी आधी घर बघायला येईन. आपण शाळेत असताना मंजूर झालेली रेल्वे आता बीडहून आष्टीवरून नगरपर्यंत धावते, तेव्हा नगरकरांनी लांबचं कारण सांगू नये!

आणि तुम्हाला जमत नसेल, तर तुमच्या ओळखीच्या एका घरी तरी चिंगीबद्दल सांगा. माझ्याकडे दिवाळीपर्यंतची मुदत आहे. या दिवाळीत फटाके वाजतील तेव्हा तिला लपायला स्वतःच्या घरातला पलंग असावा, एवढीच इच्छा आहे.