अल्बममधली चार माणसं



फाशीवर बोलायचं म्हटल्यावर तुमच्यातल्या बहुतेकांच्या मनात ७/११ असणार. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. २०१५ मध्ये मकोका न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच कोविडने वारला होता. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही, पण तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली.

यावर आपल्या मोहल्ल्यांत खूप बोलणं झालं. "आपली पोरं होती म्हणून अडकवली" हे वाक्य मीही ऐकलं, आणि त्यात काही तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण आज मी दुसरीच गोष्ट सांगणार आहे. त्यातल्या आरोपींत आपलं कुणीच नव्हतं.

जून २००३. एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. वाचले ते आई आणि एक मुलगा. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती जन्मठेपही रद्द करून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे तिन्ही पायऱ्या चढून झाल्या होत्या. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झालं.

५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? घटनेनंतर लगेच पोलिसांनी त्या आईला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने चार माणसं ओळखली होती. तसा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेला होता. ते चौघे या सहांपैकी नव्हते, आणि त्यांच्यावर कधी खटलाच भरला गेला नाही. तो कागद कुठे हरवला नव्हता. तो २००३ पासून होता, २००९ मध्येही होता.

सोळा वर्षं गेली. कोर्टाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. ही माणसं जिवंत घरी आली ती आपल्या व्यवस्थेच्या दिरंगाईमुळे. २००९ नंतर काम चटकन उरकलं असतं, तर अल्बम उघडून पाहायला कुणाला कारणच उरलं नसतं. आणि त्या आईला काय मिळालं? तिने बोट दाखवलं ती माणसं सोळा वर्षं मोकळी.

हे सहा जण अपवाद नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांवर मोठा अहवाल काढला. त्यात दर चारांतले जवळजवळ तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले. ज्याला चांगला वकील परवडतो, तो सहसा त्या कोठडीपर्यंत पोचत नाही. २०१५ मध्ये विधी आयोगाने दहशतवादाचे गुन्हे सोडून बाकी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करा, असं सुचवलं. त्या 'सोडून'वर माझा आक्षेप आहे. साध्या खटल्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, मकोकात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा ठरतो. ७/११ मध्ये हायकोर्टाला असे कबुलीजबाब कित्येक ठिकाणी जसेच्या तसे सारखे दिसले, छळाच्या तक्रारीत तथ्य दिसलं. जिथे चूक व्हायचा धोका सगळ्यात मोठा, तिथेच दोर शिल्लक ठेवायचा?

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा आपल्याही ग्रुपांवर पोलिसांना हार घातल्याचे फोटो फिरले. मी स्वतः एकाला अंगठा दाखवला होता. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने, पोलिसांनी मारण्याच्या हेतूनेच गोळीबार केला आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते, असा निष्कर्ष दिला. तो अहवाल मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही.

"पण शरियतमध्ये तर मौतची सजा आहे" असं कुणीतरी विचारणारच. आहे. मग तिथली कडक शाहिदीही आणा. शंका असेल तर हद्द टळते हा फिकहचा जुना नियम आणा, मारून घेतलेला कबुलीजबाब बाद करा, आणि मयताच्या वारसांना माफीचा हक्क द्या. नुसती सजा उचलायची आणि अटी मागे ठेवायच्या, हे चालणार नाही.

तुमच्यात कायदा शिकणारे पाच-सात जण दिसताहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गरीब आरोपींना वकील मिळतो, पण त्याच्या हाताखाली फाइल वाचायला कुणी नसतं. महिन्यातला एक शनिवार द्या. कैदी कुठल्या जातीचा, कुठल्या मजहबचा हे विचारू नका. आधी जबाब काढा आणि तारखेनुसार लावा. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी नाव लिहून द्या, वही माझ्याकडेच आहे.