‘ब्रह्मचारी’ बघायचा कसा?

(पेंडल हिल येथे जुन्या मराठी चित्रपटांच्या कार्यक्रमात, चित्रपट सुरू होण्यापूर्वी केलेलं भाषण)



वडापाव पोटात गेलेत, त्यामुळे सगळे खुशीत आहात. संयोजकांनी मला दहाच मिनिटं दिली आहेत आणि मागे १९३८ सालचा ‘ब्रह्मचारी’ वाट बघतोय.

जुना सिनेमा म्हटला की आपण देवघरात बसल्यासारखे सावरून बसतो. आजोबांच्या वेळचा म्हणून हात जोडायचे आणि हळूच घड्याळ बघायचं. आज कृपा करून तसं करू नका. नको तिथे हात जोडणाऱ्यांची टिंगल करायलाच हा सिनेमा काढलेला आहे.

औदुंबर हा तुमच्याआमच्यासारखा तरुण. देशभक्त जटाशंकरांचं ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकतो आणि पेटतो. जमवलेली नटनट्यांची चित्रं फेकून देतो, आचार्य चंडीरामांच्या संस्थेत दाखल होतो. मग किशोरी येते. पुढचं सांगत नाही! औदुंबर झालेत मास्टर विनायक, दिग्दर्शकही तेच. लेखन आचार्य अत्र्यांचं. किशोरी म्हणजे मीनाक्षी शिरोडकर. (नम्रता आणि शिल्पा शिरोडकरची आजी. हे सांगितल्याशिवाय मागच्या रांगा ऐकणार नाहीत.) त्यांचं पोहण्याच्या पोशाखातलं गाणं तेव्हा भलतंच गाजलं आणि आज बऱ्याच जणांना तेवढंच आठवतं.

माझ्या मते खरी मजा त्या व्याख्यानबाजीत आहे. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. म्हणजे आपला पडदा बोलायला लागून जेमतेम सहा वर्षं झाली होती. अत्र्यांनी त्या नव्या आवाजाला सरळ व्यासपीठावर चढवलं आणि भारदस्त मराठीला स्वतःचीच फजिती करायला लावली. चॅप्लिन १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्येसुद्धा बोलणं टाळत होता. त्याला ते परवडलं, कारण त्याचा विनोद अंगात होता. अत्र्यांचा विनोद कानाने घ्यायचा. म्हणून कॅमेरा एका जागी थबकला आणि माणसं नुसती बोलत बसली तर ‘स्लो आहे’ म्हणू नका, ऐका.

आणि इथेच आपली पंचाईत आहे. मुलांसाठी इंग्रजी सबटायटल्स करायला बसलो तर नावावरच गाडी अडली. ब्रह्मचारी म्हणजे व्रत घेतलेला, आणि नुसता लग्न न झालेलाही! ‘बॅचलर’ लिहावं तर व्रत जातं, ‘सेलिबेट’ लिहावं तर चाळीतला बिनलग्नाचा बापूकाका जातो. एका व्हेरिएबलला दोन अर्थ दिले की आमचा प्रोग्रॅम बोंबलतो, विनोद मात्र तिथेच सुरू होतो. शेवटी शब्द तसाच ठेवला. तो समजावून सांगणारे आजी-आजोबा आज सभागृहात आहेत. व्हिसा संपला की ते परत जातील. मग हा शब्द मुलांना कोण सांगणार, हा प्रश्न मला सबटायटल्सपेक्षा मोठा वाटतो.

ही अडचण फक्त आपलीच आहे असंही नाही. त्याच १९३८ साली आपल्या या सिडनीतल्या सिनेसाउंड कंपनीने ‘डॅड अँड डेव्ह कम टू टाउन’ काढला. खेडवळ रड कुटुंबाला शहरातलं बायकांच्या कपड्यांचं दुकान वारशाने मिळतं आणि धमाल उडते. डॅड अँड डेव्ह कोण, हे शेजारच्या एखाद्या वयस्क ऑस्ट्रेलियन गृहस्थांना विचारून बघा, तासाची निश्चिंती! त्यांच्या नातवाला विचारलंत तर तो खांदे उडवील.

आजचा बेत जमला तर पुढच्या वेळी ‘ब्रँडीची बाटली’ आणू. १९३९ चा, पुन्हा अत्रे आणि विनायक. दारूला न शिवणारा म्युनिसिपालिटीतला बगाराम औषधासाठी ब्रँडी शोधत फिरतो. बगाराम झालेत दामुअण्णा मालवणकर. त्यांच्या तिरळ्या नजरेला सबटायटल लागत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत दारूबंदी आली, हे लक्षात ठेवून बघितलंत तर आणखी मजा येईल.

असो. आवाजात खरखर आहे, म्हणून स्पीकर जरा मोठा ठेवलाय. मुलांनी आजी-आजोबांच्या शेजारी बसायचं. सिनेमा चालू असताना बोलायला पूर्ण परवानगी आहे.