कुंपणावरचा अडुळसा
(चोरखमारा येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



ज्या वनस्पतीविषयी मी आज बोलणार आहे, ती आपल्यापैकी अनेकांच्या कुंपणाला उभी आहे. शेळी तिला सहसा तोंड लावीत नाही, म्हणून तर ती तेथे लावलेली असते! भाल्याच्या पात्यासारखी समोरासमोर येणारी पाने आणि जांभळट रेषांची पांढरी फुले, असा हा अडुळसा. नागझिऱ्याच्या रानाकडून येणारा गारठा, गिरण्यांतील कोंड्याची धूळ आणि विड्या वळताना उडणारी तंबाखूची पूड यांमुळे आपल्या तिरोडा भागात खोकल्याला निमित्तांची वाण नाही.

कच्च्या पानांचा रस सहजासहजी निघत नाही. पाने मोठ्या पानात गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजावी व मग पिळावी. वैद्य यास पुटपाक म्हणतात. चुलीची सोय नसल्यास वाफवली तरी चालतात. दोन चहाचे चमचे रस मधातून द्यावा. पानांतील व्हॅसिसीन नामक द्रव्य या गुणाचे मूळ होय. त्याच्या रचनेवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध झाले व पुढे ते प्रचारात आले. दुकानातील बाटली आणि आजीचा काढा यांचे नाते असे जवळचे आहे.

मात्र गर्भवती स्त्रीस अडुळसा कदापि देऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावते. एक वर्षाच्या आतील बालकास मध वर्ज्य.

याहून गंभीर गोष्ट क्षयाची. जुन्या वैद्यकात अडुळशाची क्षयावर ख्याती आहे, आणि येथेच घात होतो. रसाने ढास थोडी निवते, घरची मंडळी निश्चिंत होतात, आणि आत रोग वाढून शेजारी निजणाऱ्या लेकरांपर्यंत पोहोचतो. लग्न जुळायचे आहे, चारचौघांत बोभाटा नको, म्हणून सुनेचा किंवा मुलीचा खोकला काढ्याखाली झाकणारी घरे आपल्या ज्ञातीतही आहेत, हे मी स्पष्टच बोलतो. दोन आठवड्यांवर खोकला टिकला, सायंकाळी कणकण येऊ लागली, वजन उतरले किंवा थुंकीत रक्त दिसले, की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत. साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या अखंड औषधाने बरा होतो. बरे वाटले म्हणून मध्येच औषध सोडणे मात्र घातक.

ज्यांच्या अंगणात अडुळसा नाही, त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी शेजाऱ्याकडून जून फांदीची वीतभर काडी आणून ओल्या मातीत खोचावी. पाणी साचेल अशी जागा तेवढी टाळावी.