यंत्राचा हमाल आणि कामगाराची नोंद



मी इंजिनियर नव्हे. युनियनच्या कचेरीत बसून, जाणत्यांना विचारून जे शिकलो तेवढेच आपणापुढे मांडणार आहे. विषय यंत्राचा आहे. पण तो पोटाशी येऊन भिडतो.

आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरला 1950-51च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. 1952 साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला, 1995 साली पेन्शन योजना आली. ह्या पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते. ती 10 वर्षे सिद्ध कशाने होतात? नोंदीने. पूर्वी नोंद हजेरीपटावर असे. आज ती संगणकात असते. संगणक बिघडला तर उरते ती टेपवरची प्रत.

ह्या टेपांचे गोदाम डोळ्यांपुढे आणा. क्रमांकाचे खण आहेत, टेप वाचणारे यंत्र आहे आणि खणातली टेप उचलून यंत्रात घालणारा लोखंडी हात आहे. तो हात म्हणजे हमाल. बॅक्युला नावाचा कार्यक्रम केर्न सिबाल्ड यांनी 2000 साली सुरू केला. तो झाला मुकादम. मुकादम हमालाशी थेट बोलत नाही. मधे एक चिठ्ठी असते, तिला स्क्रिप्ट म्हणतात. यंत्रात कोणत्या खणाची टेप आहे, खण किती, कोणत्या खणात कोणती टेप, ही घाल, ती काढ, हे तिचे मुख्य हुकूम.

मध्यरात्री ही चिठ्ठी अडली, की मुकादम ‘माणसाने येऊन टेप लावावी’ असा निरोप ठेवून खोळंबून बसतो. मग दोष कसा शोधावा? प्रथम मुकादमाला बाजूला सारावे आणि चिठ्ठीचा एकेक हुकूम हाताने द्यावा. खणांची गणती 1 पासून, पण यंत्रांची 0 पासून असते. तिथे गफलत होते. हाताने टेप घातली म्हणजे यंत्र तयार झाले, असेही नव्हे. टेप आत बसायला वेळ लागतो, आणि यंत्र ‘तयार’ म्हणेपर्यंत चिठ्ठीने थांबले पाहिजे. काही यंत्रे टेप आपण होऊन सोडत नाहीत. आधी ‘सोड’ म्हणावे लागते, मगच हमालाला ती उचलता येते.

सर्वांत फसवा दोष निराळाच. धन्याच्या नावाने हुकूम दिला तर सारे सुरळीत चालते. रात्री मुकादम स्वतःच्या नावाने देतो तेव्हा हमाल हलत नाही, कारण मुकादमाला त्या यंत्राला हात लावण्याची परवानगीच दिलेली नसते. म्हणून परीक्षा धन्याच्या नव्हे, मुकादमाच्या नावाने घ्यावी. जबाबदारी द्यायची आणि अधिकार द्यायचा नाही, हा प्रकार आम्हां कामगारांना नवा नाही!

चिठ्ठी दुरुस्त झाली तरी काम संपत नाही. ‘प्रत घेतली’ हा शेरा म्हणजे पुरावा नव्हे. टेपवरून नोंद परत वाचता आली, हा पुरावा. म्हणून माझी मागणी साधी आहे. दरमहा एका टेपेवरून एका कामगाराची नोंद परत काढावी, आणि ती कामगारांच्या प्रतिनिधीसमोर काढावी. आपल्या घरचे कोणी नोकरीत असेल, तर उद्या त्याला एवढेच विचारायला सांगा: आमची नोंद टेपेवरून शेवटची कधी वाचून पाहिली?