वाळीत टाकलेले घराणे



राजापेठेतून बाजारहाट करून गावी परतावे, तो कानी येते की अमक्या घराला जातपंचायतीने वाळीत टाकले. त्याच्या पोरीला स्थळ नाही, दुकानात त्याला मीठमिरची नाही. हे हत्यार फार जुने आहे, बरं का. चौदाशे वर्षांपूर्वी अरबस्तानात, मक्का शहरी, तेच उपसले गेले होते.

मक्केत राजा नव्हता, कोर्टकचेरी नव्हती. सत्ता होती कुरैश टोळीतल्या मातब्बर घराण्यांची. काबा त्यांच्या ताब्यात, व्यापाराचे तांडे त्यांचे. माणसाचे रक्षण त्याचे कूळ करी. एकाचा खून झाला तर सारे कूळ सूड घेई. ज्याला कूळ नाही त्याला वाली नाही. बिलाल नावाचा हबशी गुलाम असाच निराधार. त्याचे हाल झाले. पुढे अबू बकर यांनी त्याला सोडवले.

अशा ठिकाणी महंमद पैगंबरांनी सांगितले, की ईश्वर एक आहे आणि माणसाची थोरवी कुळावर नव्हे, आचरणावर ठरते. मातब्बर बिथरले. रक्ताहून मोठे नाते निघाले, तर त्यांचे ऐकणार कोण?

परंपरा सांगते, की इ. स. ६१६ च्या सुमारास त्यांनी पैगंबरांच्या हाशिम घराण्याशी सोयरीक आणि देवघेव बंद केली. तसा करार लिहून काब्यात टांगला. चुलते अबू तालिब यांनी नवा धर्म घेतला नव्हता, तरी पुतण्याची साथ सोडली नाही. दुसरे चुलते अबू लहब मात्र विरोधकांत जाऊन बसले. दोनतीन वर्षे पोराबाळांची उपासमार झाली. शेवटी कुरैशांतल्याच काही जणांना ते पाहवेना. त्यांनीच पुढे होऊन करार मोडला.

६१९ मध्ये अबू तालिब वारले. कुळाचे छत्र गेले. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेस गेले. तेथे मक्केहून आलेले आणि मदिनेचे रहिवासी यांचा एक समाज झाला. एकमेकांचे रक्षण सर्वांचे काम ठरले. टोळ्या काही संपल्या नाहीत, पण त्यांच्याहून मोठे नाते उभे राहिले. ६३० मध्ये मक्का हाती आली, तेव्हा काब्यावर चढून अजान दिली ती त्याच बिलालने.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण मक्केतला करार मोडला तो त्याच टोळीतल्या माणसांनी, हे विसरू नये. गुरुजींनी वर्गात मुलांना एवढेच विचारावे: आपल्या गावात असे ठरले, तर पंचायतीत उठून ‘नाही’ म्हणणारा पहिला कोण?