स्वागताध्यक्षांचे भाषण



टोरांटो नगरीत भरलेल्या मराठी अ‍ॅनिमेशन-व्यावसायिकांच्या या संमेलनात स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. स्वागताध्यक्षाने यजमान भूमीचे गुणवर्णन करावे, असा रिवाज आहे. आणि संगणकीय अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रात या देशाची कामगिरी एवढी थोर आहे की, तो रिवाज पाळताना अतिशयोक्तीचा आश्रय घेण्याचे प्रयोजन नाही.

ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी, व्यंगपटात प्रमुख चित्रकार मोक्याच्या मुद्रा तेवढ्या रेखाटतो आणि त्यांमधली असंख्य चित्रे साहाय्यकांना काढत बसावे लागते हे ध्यानी घेऊन, तो मधला भार संगणकावर सोपविणारी आज्ञावली सिद्ध केली. आणि तिच्याच आधारे पीटर फोल्डेस यांनी निर्माण केलेला, क्षुधा आणि अतिलोभ यांचे भेदक दर्शन घडविणारा ‘ला फँ’ हा लघुपट १९७४ साली कान महोत्सवात परीक्षक-पारितोषिकास पात्र ठरला. पुढे १९८३ साली याच टोरांटोत एलियास कंपनी स्थापन झाली. ‘द अ‍ॅबिस’ या १९८९ च्या चित्रपटातील, माणसाच्या चेहऱ्याची नक्कल करणारा तो सजीव जलस्तंभ तिच्या सॉफ्टवेअरवर घडला, आणि ‘डाँकी काँग कंट्री’सारख्या व्हिडिओ गेममधील पात्रांनाही तिच्याच पॉवरअ‍ॅनिमेटर या आज्ञावलीने आकार दिला. मॉन्ट्रियलमध्ये ‘टोनी द पेल्त्री’ या लघुपटाच्या कर्त्यांपैकी एक, दानिएल लांग्ल्वा, यांनी १९८६ साली सॉफ्टइमेज कंपनीची स्थापना केली, आणि ‘ज्युरासिक पार्क’मधील संगणकीय डायनोसॉर तिच्या सॉफ्टवेअरवर चालू-धावू लागले.

या सर्व उद्योगाचे मर्म मला एकच दिसते: यंत्रज्ञाने चित्रकाराचे कष्ट आधी समजून घेतले, आणि मगच आज्ञावलीस हात घातला. मुद्रा निवडण्याचा अधिकार कलावंताकडेच राहिला. हिरावले गेले ते केवळ श्रम.

म्हणून माझी विनंती अशी की, त्या काळच्या आज्ञावल्या, चुंबकीय फिती आणि हस्तपुस्तिका कालौघात नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या जतनाची तरतूद व्हावी, त्या निर्मात्यांच्या आठवणींचे दफ्तर मराठीतही सिद्ध व्हावे, आणि या संमेलनाने त्या कामी एक समिती नेमावी.

आमच्या व्यवस्थेतील न्यून आपण उदार अंतःकरणाने पोटात घालाल, असा विश्वास बाळगून मी आपले पुनश्च स्वागत करतो आणि अध्यक्षमहाराजांनी कार्यारंभ करावा, अशी त्यांना नम्र प्रार्थना करतो.